खाण्याच्या विकारांसाठी सीबीटी: नवे थेरपिस्ट तयार करताना

सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी) येणाऱ्या माणसाला खाण्याच्या विकारांची सीबीटी शिकवायला दोन दिवस पुरतील असं वाटतं. माहिती द्यायला ते पुरतातही. नैराश्याच्या किंवा पॅनिकच्या पेशंटबरोबर काम केलेल्या थेरपिस्टला अजेंडा ठरवणं, होमवर्क देणं, विचारांची नोंद घेणं येतच असतं. गाडी अडते ती पेशंटच्या दुसऱ्या भेटीत. तिला वजनकाट्यावर उभं करायचं असतं आणि ती डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "आज नको ना, मॅडम." मॅडम विरघळतात. पुढच्या आठवड्यातही तेच होतं. तिथून पुढे जे चालतं त्याला सीबीटी म्हणायचं ते केवळ फाइलवर लिहिलंय म्हणून.

त्यामुळे इथे सुचवलेल्या प्रशिक्षणाचा बराचसा वेळ या विरघळण्यावर खर्च होतो. तीन ते सहा थेरपिस्टना तयार करण्याची जबाबदारी तुमच्यावर पहिल्यांदाच आली आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे. शिकणारे तुम्ही स्वतःच असाल तर हेच उलट बाजूने वाचा.

पद्धत एकच निवडा

लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमिया नर्व्होसाचं (ताबा सुटून खाणं आणि मग उलटी किंवा जुलाबाच्या औषधाने ते भरून काढणं) वर्णन केलं. त्यानंतर दोनच वर्षांत ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी त्यावरच्या सीबीटीचा पहिला लेख प्रसिद्ध केला. २००३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह असं मांडलं की ॲनोरेक्सिया (खाणं आवरून वजन फार खाली नेणं), बुलिमिया आणि मधले मिश्र प्रकार टिकवून धरणारी यंत्रणा बहुतांशी एकच असते. माणूस स्वतःची किंमत वजन आणि शरीराच्या आकारावरून ठरवतो, त्यातून खाण्याचे कडक नियम येतात, नियम मोडला की ताबा सुटतो, मग उलटी किंवा जुलाबाची औषधं, आणि पुन्हा आणखी कडक नियम. या मांडणीवर उभी राहिलेली उपचारपद्धती म्हणजे सीबीटी-ई. तिची सविस्तर मार्गदर्शिका २००८ मध्ये आली.

दुसरा पर्याय सीबीटी-टी. शेफील्डचे ग्लेन वॉलर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली ही दहा सेशनची छोटी पद्धत वजन फार कमी नसलेल्या पेशंटसाठी आहे. दोन्ही चांगल्या आहेत. पहिल्या वर्षी मात्र एकच शिकवा. दोन्हींची सरमिसळ केली की शिकणारा प्रत्येक पद्धतीतला सोपा भाग उचलतो आणि अवघड भाग दोन्हींतून गळतो. या लेखात सीबीटी-ई धरली आहे, कारण तिचे टप्पे नव्या माणसाला धरून चालायला सोपे आहेत.

टीममध्ये एखादा तरी म्हणतोच, "एवढ्या खोल आजाराला वीस सेशन? मूळ कारणाचं काय?" त्याला २०१४ चा डेन्मार्कमधला अभ्यास द्या. बुलिमियाच्या ७० पेशंटपैकी अर्ध्यांना दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषणात्मक उपचार मिळाले, अर्ध्यांना पाच महिन्यांत वीस सेशनची सीबीटी. पाच महिन्यांनी ताबा सुटून खाणं आणि उलट्या पूर्ण थांबलेले पेशंट सीबीटीच्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात ६ टक्के. दोन वर्षांनी ४४ आणि १५. एवढ्यावर वाद संपतो असं नाही, पण निदान कामाला लागता येतं. सीबीटीतही निम्म्याहून जास्त पेशंट पूर्ण बरे झाले नव्हते, हेही त्याच दिवशी सांगून टाका. पहिला पेशंट सुधारला नाही म्हणून थेरपिस्टने पद्धत सोडून देऊ नये, यासाठी ते ऐकून ठेवणं गरजेचं असतं.

उपचाराचा सांगाडा

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) १७.५ च्या वर असेल तर वीस आठवड्यांत वीस सेशन. १७.५ किंवा खाली असेल तर साधारण चाळीस आठवडे, चाळीस सेशन. ब्रिटनच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही सेशनचे हेच आकडे आहेत. प्रत्येक सेशन ५० मिनिटांचं, पहिलं, म्हणजे "सेशन शून्य", मात्र दीड तासाचं.

पहिला टप्पा चार आठवड्यांचा, आठवड्यातून दोनदा. दुसरा टप्पा पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आठवड्याला एक सेशन, त्यात थांबून आढावा. तिसरा टप्पा आठ आठवड्यांचा, आठवड्यातून एकदा. वजन-आकाराचं अवास्तव महत्त्व, खाण्याचे नियम, मूड बिघडला की खाणं हे इथे येतं. शेवटची तीन सेशन पंधरा-पंधरा दिवसांनी. उपचार संपल्यावर वीस आठवड्यांनी एक आढावा भेट.

हा सांगाडा पाठ करून घ्या, अगदी पाढ्यासारखा. "आज कितवं सेशन आणि या सेशनचं काम काय?" याचं उत्तर शिकणाऱ्याला वही न उघडता देता आलं पाहिजे.

"आठवड्यातून दोनदा" इथे आपल्याकडचे लोक हटकून माघार घेतात. पेशंट कल्याणहून येते, नोकरी आहे, फी परवडत नाही. कारणं खरी असतात. पण आठवड्याच्या अंतराने पहिला टप्पा केला की दोन भेटींच्या मधे जुनं चक्र पुन्हा दोन-तीनदा फिरून जातं आणि बदलाला वेगच येत नाही. पहिल्या चार आठवड्यांत झालेला बदल हा पुढचा निकाल सांगणाऱ्या सर्वांत भरवशाच्या खुणांपैकी एक आहे. प्रवास जमत नसेल तर दुसरं सेशन व्हिडिओवर घ्या, फी दोन्ही मिळून ठरवा, पण संख्या कमी करू नका. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत थेरपिस्टची किंवा पेशंटची मोठी सुट्टी, परीक्षा, घरचं लग्न येणार असेल, तर उपचार त्यानंतर सुरू करा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सेशन शून्य घेऊ नये.

सुरू करण्याआधीची जुळवाजुळव

प्रशिक्षणाला बसणाऱ्याला साधी सीबीटी येत असावी. निदान सुपरव्हिजनखाली (अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली) पूर्ण केलेल्या दोन-तीन केसेस तरी हव्यात. मूळ सीबीटी आणि ही सीबीटी एकदम शिकवायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतात. शिकणाऱ्याचं स्वतःचं खाण्याशी, डाएटशी नातं काय आहे, हेही खासगीत विचारावं. पूर्वी विकार होऊन गेलेला असणं हा अडथळा नाही. सध्या स्वतः कडक डाएटवर असणारी व्यक्ती मात्र नियमित खाण्याचा भाग बोलताना अडखळते, आणि पेशंटला ते लगेच कळतं.

वस्तू थोड्याच लागतात:

- १०० ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल काटा. तो सेशनच्या खोलीतच हवा. ओपीडीच्या पॅसेजमधला, जिथे शिपायापासून शेजारच्या पेशंटपर्यंत सगळे आकडा वाचतात, तो चालणार नाही.
- उंची मोजायची भिंतीवरची पट्टी.
- वजनाचा आलेख काढायला आलेखकागद.
- रोजच्या नोंदीचे छापील तक्ते, पेशंटमागे किमान शंभर.
- ईडीई-क्यू ही खाण्याच्या विकाराची लक्षणं मोजणारी २८ प्रश्नांची प्रश्नावली (मागच्या २८ दिवसांबद्दल, गुण ० ते ६) आणि सीआयए ही १६ प्रश्नांची, विकारामुळे आयुष्यात किती अडतंय ते मोजणारी (गुण ० ते ४८, १६ च्या पुढे काळजी).
- रेकॉर्डिंगची सोय आणि त्यासाठी पेशंटच्या लेखी संमतीचा मराठी नमुना.

आणि एक फिजिशियन. त्याशिवाय सुरुवातच करू नका. थेरपिस्टला पोटॅशियमचा रिपोर्ट वाचून निर्णय घ्यायचा नसतो, पण तो कधी मागवायचा आणि कधी धावत सुटायचं हे माहीत असलं पाहिजे. वारंवार उलट्या किंवा जुलाबाची औषधं असतील तर इलेक्ट्रोलाइट्स (पोटॅशियमसारखे रक्तातले क्षार) आणि ईसीजी सुरुवातीलाच. नाडी ४० च्या खाली, बीएमआय १३ च्या खाली, चक्कर येऊन पडणं, झपाट्याने उतरणारं वजन, आडवं झाल्यावर हातांचा आधार न घेता उठून बसता न येणं किंवा उकिडवं बसून आधाराशिवाय उभं राहता न येणं, यातलं काहीही दिसलं तर सेशन थांबवून त्याच दिवशी रुग्णालय. बीएमआय १५ च्या खाली असलेला पेशंट नव्या थेरपिस्टला ओपीडीत देऊच नका. तीव्र नैराश्य असेल तर आधी त्यावर उपचार करावा लागतो, कारण तशा अवस्थेत रोजची नोंद ठेवण्याइतकं बळही माणसात नसतं. रोजची दारू किंवा अन्य व्यसनाचं तेच.

दोन दिवसांची कार्यशाळा

व्याख्यान एकूण तीन तासांपेक्षा जास्त नको. सिद्धांत आधी वाचून यायला सांगा. ऑक्सफर्डच्या गटाने इंटरनेटवरून थेरपिस्टना शिकवण्याची पद्धत उभी केली आणि आयर्लंडमध्ये देशपातळीवर तिची चाचणी घेतली. त्यातून दिसलं की ज्ञानाचा भाग लोक स्क्रीनसमोर बसून चांगला शिकतात. तेव्हा सगळ्यांना एका खोलीत जमवलंच आहे तर जे स्क्रीनवर जमत नाही ते करून घ्या. ते म्हणजे रोलप्ले. तिघांचा गट करा: थेरपिस्ट, पेशंट, आणि घड्याळ व कागद घेऊन बसलेला निरीक्षक. प्रत्येकाने प्रत्येक भूमिका करायची.

पहिला रोलप्ले फॉर्म्युलेशनचा. सेशन शून्यमध्ये पेशंटसमोर, पेशंटच्याच शब्दांत, कोऱ्या कागदावर विकाराचं चक्र काढायचं. वेळ तीस मिनिटं. नवी माणसं दोन चुका करतात. एक, आधी मनात तयार केलेली आकृती उतरवतात, आणि पेशंट नुसती मान हलवत राहते. दोन, सगळंच घालतात: बालपण, आईशी भांडण, दहावीचे मार्क. कागदावर फक्त आज विकाराला चालू ठेवणाऱ्या गोष्टी हव्यात. सहा-सात चौकटींहून जास्त झाल्या तर खोडायला लावा. सुरुवात पेशंटला जे बदलायचंय तिथून करा, बहुतेक वेळा ते म्हणजे ताबा सुटून खाणं, आणि मग विचारा, "हे व्हायच्या आधी साधारण काय झालेलं असतं?" बाण आपोआप उलटे जात जेवण चुकवण्यापर्यंत पोचतात. ते पोचले की पेशंटच म्हणते, "म्हणजे मी दुपारी जेवत नाही म्हणून रात्री हे होतं?" हे वाक्य थेरपिस्टने तिच्या आधी बोलून टाकायचं नाही.

दुसरा रोलप्ले नोंदीच्या तक्त्याचा. तक्त्यात रकाने असे: वेळ, काय खाल्लं-प्यायलं, कुठे, जास्त झालं असं वाटलं तर चांदणी, उलटी किंवा जुलाबाचं औषध, आणि शेवटी त्या वेळी काय चाललं होतं ते. कॅलरी लिहायच्या नाहीत. नोंद खाल्ल्याबरोबर करायची, रात्री झोपताना आठवून नाही. रात्री लिहिलेली नोंद म्हणजे इतिहास झाला, आणि इतिहासात हस्तक्षेप करता येत नाही. रोलप्लेत "पेशंट" कोरा तक्ता घेऊन येते. थेरपिस्टने रागावायचं नाही आणि "असू दे" असंही म्हणायचं नाही. "कालचा दिवस आत्ता दोघं मिळून भरूया, आणि लिहिताना नेमकं कुठे अडलं ते बघूया" असं म्हणून बसायचं. पहिला तक्ता तपासायला पंधरा मिनिटं लागली तरी चालतील. तो ओळीनं ओळ वाचायचा. न वाचता फाइलला लावलेला तक्ता पेशंटला सांगतो की ह्याची गरज नाही, आणि पुढच्या वेळी तो येत नाही.

तिसरा वजनाचा. हा पाच वेळा करून घ्या, कंटाळा येईपर्यंत. क्रम ठरलेला: सेशनच्या सुरुवातीलाच, चप्पल, ओढणी, खिशातला मोबाइल बाजूला, दोघांनी मिळून आकडा वाचायचा, पेशंटने स्वतः आलेखावर ठिपका द्यायचा, आणि मग मागच्या चार ठिपक्यांकडे मिळून पाहायचं. एका आकड्यावर काहीही बोलायचं नाही. शरीरातल्या पाण्यामुळे, पाळीच्या आधी, मलावरोधाने किलो-दीड किलो इकडेतिकडे होतंच. आठवड्यातून एकदाच वजन करायचं, घरी अजिबात नाही. घरातला काटा माळ्यावर टाकायला किंवा शेजारी ठेवायला द्यायला सांगा.

"आज नको ना" ला काय म्हणायचं, हे थेरपिस्टच्या तोंडात बसलं पाहिजे. उदाहरणार्थ: "भीती वाटणारच. आकडा न बघितल्यानं आठवडाभर ती भीतीच तुम्हाला आकडा सांगत राहते. चला, मिळून बघूया, आणि मग त्याबद्दल बोलूया." आणि उठून उभं राहायचं. खुर्चीत बसून दिलेलं हे स्पष्टीकरण दहा मिनिटांची चर्चा होतं आणि वजन राहून जातं. आधीच पाण्याच्या दोन बाटल्या पिऊन येणाऱ्या कमी वजनाच्या पेशंटबद्दलही इथेच बोला. संशय आला तर सरळ, न चिडता विचारायचं.

चौथा नियमित खाण्याचा. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, दोहोंत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको, आणि मधल्या वेळेत काही नाही. काय खायचं हे या टप्प्यावर महत्त्वाचं नाही. उलटी किंवा औषध न घेता जे पोटात ठेवता येईल ते. "पेशंट" म्हणते, "मग मी फुगेन." थेरपिस्टने आश्वासन द्यायचं नाही की वजन वाढणार नाही. आलेखाकडे बोट दाखवायचं: पुढचे चार आठवडे आपण हेच तपासतोय. ज्यांचं वजन कमी नाही, अशा बहुतेकांचं या टप्प्यात फारसं हलत नाही, आणि ते त्यांनी स्वतःच्या ठिपक्यांवरून शिकायला हवं. कमी वजनाच्या पेशंटचं गणित वेगळं. तिथे वजन वाढवणं हेच उद्दिष्ट असतं. आठवड्याला अर्धा किलो वाढायला रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात, आणि हे लपवून ठेवायचं नाही.

तिसऱ्या टप्प्यातली तंत्रं, म्हणजे स्वतःची किंमत कशाकशावरून ठरते त्याचा वर्तुळाकार पाय-चार्ट, आरशात तासन्‌तास तपासण्यावरचं काम, टाळलेल्या पदार्थांची यादी, ही कार्यशाळेत फक्त ओळखीपुरती दाखवा. थेरपिस्टचा पहिला पेशंट तिथे पोचेपर्यंत दीड महिना जातो आणि तोवर शिकवलेलं विसरलेलं असतं. त्यावर दुसरी अर्ध्या दिवसाची बैठक सहाव्या आठवड्यात ठेवा.

मराठी घरात ही पद्धत लावताना

मूळ मार्गदर्शिका इंग्लंडमधल्या पेशंटसाठी लिहिलेली आहे. शब्दशः उतरवली तर इथे काही ठिकाणी ती चुकते.

उपवास ही पहिली जागा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, त्यात श्रावण आणि नवरात्र आलं की महिन्याचे दहा दिवस सहज भरतात. उपवास धार्मिक आहे की विकाराने पांघरलेला आहे, हे प्रश्नांवरून कळतं. हा उपवास विकाराच्या आधीपासून आहे का? घरात आणखी कोण करतं? गेल्या वर्षभरात दिवस वाढले का? साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी खाता की फक्त पाणी आणि ब्लॅक कॉफी? सुटल्यावर काय होतं? जुना, घरात सगळ्यांचा, फराळासकट असलेला उपवास थांबवायला लावण्याची गरज नसते; राजगिऱ्याचे लाडू, फळं, दूध, खिचडी चार तासांच्या वेळापत्रकात बसतात. फराळ नसलेला, वाढत गेलेला, सुटताना ताबा सोडणारा उपवास हा फॉर्म्युलेशनमधल्या "कडक नियम" या चौकटीत जातो, आणि पेशंटच्या संमतीनेच. उलट्या होत असताना निर्जळी मात्र कोणत्याही कारणाने नको. इथे थेरपिस्टने श्रद्धेवर भाष्य करायचं नाही, एका वाक्याचंही.

दुसरी जागा "खूप खाल्लं" या शब्दांची. दीड पोळीनंतर ताबा सुटल्यासारखं वाटणं आणि तासाभरात ब्रेडचा अख्खा पुडा, अर्धा किलो श्रीखंड आणि फरसाणाची पिशवी संपवणं, पेशंट दोन्हीला तेच शब्द वापरते. ताबा सुटणं दोन्हीकडे आहे, प्रमाण मोठं फक्त दुसरीकडे. शिकणाऱ्याला प्रत्येक वेळी "किती? कुठल्या वाटीने?" असं विचारायला लावा, नाहीतर ईडीई-क्यूचे आकडे बेभरवशाचे होतात.

जुलाबाच्या औषधांचंही तसंच. "लॅक्झेटिव्ह घेता का?" याला उत्तर येतं "नाही", आणि रोज रात्री त्रिफळा किंवा सोनामुखीचं चूर्ण चालू असतं, कारण ते घरात आजोबाही घेतात. चूर्ण, काढा, स्लिमिंग टी, इसबगोल, एकेकाचं नाव घेऊन विचारा. माहितीही त्याच वेळी द्या: ही औषधं मोठ्या आतड्यावर काम करतात, अन्नातली ऊर्जा तोवर शोषली गेलेली असते, कमी होतं ते पाणी.

काही पेशंटना जाड होण्याची भीती नसतेच, किंवा त्या ती बोलून दाखवत नाहीत. पोट भरल्यासारखं वाटतं, गॅस होतो, भूकच नाही. हाँगकाँगचे सिंग ली यांनी १९९० च्या दशकात अशा ॲनोरेक्सियाची सविस्तर नोंद केली आणि भारतातही तो दिसतो. नवा थेरपिस्ट तिथे "पण तुम्हाला वजनाची भीती वाटत असेलच" असं ढकलत राहतो. तसं करू नका. खाणं आवरण्याचा अभिमान किंवा शिस्तीचं समाधान आहे का ते विचारा, आणि चक्र तिच्या कारणावरून काढा.

मग घरचे. आई बाहेर बसलेली असते आणि सेशननंतर थेरपिस्टला बाजूला घेऊन विचारते, "काय म्हणाली हो ती?" पहिल्या टप्प्यातच एक सेशन पेशंटच्या उपस्थितीत घरच्यांसाठी ठेवा, फॉर्म्युलेशनचा कागद पेशंटनेच समजावून सांगावा, आणि घरच्यांना दोनच कामं द्या: ठरलेल्या वेळी जेवण तयार असणं, आणि ताटावर कसलीही टिप्पणी नाही. "आज छान जेवलीस" हीसुद्धा टिप्पणीच. "अजून एक पोळी घे ना" आणि "जरा बारीक झालीस हं" एकाच दुपारी ऐकावं लागणाऱ्या घरात हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड जातं. लहान मुलामुलींच्या बाबतीत घरच्यांचा सहभाग याहून खूप मोठा असतो; किशोरवयीन पेशंट नव्या थेरपिस्टची पहिली केस असू नये.

पेशंट आधीच एखाद्या डाएटिशियनकडे जात असेल आणि तिकडून १२०० कॅलरीचा चार्ट आला असेल, तर दोन डॉक्टरांत पेशंट चेपली जाते. सेशन शून्यच्या आधी फोन करून बोलून घ्या. चार्ट थांबवा.

पहिल्या दोन केसेस

पहिला पेशंट बुलिमियाचा किंवा बिंज इटिंगचा (ताबा सुटून खाणं, पण नंतर उलटी वगैरे नाही) असावा, प्रौढ, बीएमआय २० च्या पुढे, गंभीर सहव्याधी नसलेला. दुसराही तसाच. तिसऱ्यापासून कमी वजनाचे. "आमच्याकडे साधे पेशंट येतच नाहीत" असं टीम सांगते. ओपीडीत ईडीई-क्यू नियमाने द्यायला लागलात की नैराश्य म्हणून आलेल्यांत ते सापडतात.

सुपरव्हिजन आठवड्यातून एकदा, तीन-चार जणांच्या गटात, दीड तास. पेशंटची हकिगत ऐकण्यात वेळ घालवू नका. प्रत्येकाने तीन गोष्टी टेबलावर ठेवायच्या: वजनाचा आलेख, गेल्या आठवड्याचे तक्ते, आणि रेकॉर्डिंगचा जिथे अडलं तो पाच-सहा मिनिटांचा तुकडा. आलेखावर ठिपका नसेल तर चर्चा तिथूनच. थेरपिस्ट म्हणेल, नातं बिघडलं असतं. त्याला विचारा, "कोणाला जास्त भीती वाटत होती?" वॉलर आणि इतरांच्या अभ्यासात थेरपिस्टची स्वतःची अस्वस्थता जास्त असेल तर वर्तनावरची तंत्रं कमी वापरली जातात, हेच दिसलं आहे. हे दोष म्हणून मांडू नका. भीती वाटणाऱ्याला आपण जे करायला सांगतो तेच इथेही लागू: टाळू नका, लहान पायरीने करा, काय होतं ते पाहा. पुढच्या सेशनला काटा, त्यानंतर लगेच सुपरव्हायझरला एका ओळीचा मेसेज.

महिन्यातून एक पूर्ण रेकॉर्डिंग तपासा. आठ मुद्दे पुरतात, प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण: वजन झालं का, आलेख मिळून पाहिला का, तक्ते ओळीने वाचले का, अजेंडा मिळून ठरला का, निम्म्याहून जास्त वेळ या टप्प्याच्या कामावर गेला का, होमवर्क इतकं ठोस होतं का की पेशंटला "कधी, कुठे, काय" सांगता आलं, पुढची भेट ठरली का, ५० मिनिटांत संपलं का. सोळापैकी बारा आले की चांगलं. वजन आणि तक्ते यांत शून्य असेल तर बाकीचे बारा मोजू नका.

पद्धतीपासून सरकणं नेमकं कुठे सुरू होतं हे लक्षात ठेवायला हवं. तिसऱ्या-चौथ्या सेशनला पेशंट रडत येते. बॉयफ्रेंडशी भांडण, किंवा ऑफिसमधला अपमान. थेरपिस्ट सगळी पन्नास मिनिटं त्याला देतो आणि दोघांनाही सेशन छान झाल्यासारखं वाटतं. एकदा चालतं. दुसऱ्यांदा झालं की उपचार त्या आठवड्याच्या बातमीवर चालायला लागतो. बातमी अजेंड्यात घ्यायची, दहा मिनिटं द्यायची, आणि विचारायचं की त्या दिवशी खाण्याचं काय झालं. तक्त्यात ते लिहिलेलं असतंच.

पाचव्या-सहाव्या आठवड्याचा आढावा बहुतेक जण उरकून टाकतात, आणि नेमकं तिथेच थांबायला हवं. ईडीई-क्यू आणि सीआयए पुन्हा भरून घ्या, पहिल्या दिवशीच्या आकड्यांशेजारी मांडा, फॉर्म्युलेशनचा कागद काढून कोणता बाण तुटला, कोणता तसाच आहे ते पेशंटबरोबर खुणा करून पाहा. काहीच हललं नसेल तर कारण या क्रमाने शोधा: सेशन चुकली का, तक्ते त्याच वेळी भरले गेले का, नियमित खाणं खरंच सुरू झालं का, नैराश्य आपल्या नजरेतून सुटलं का, आणि मग टोकाचा परफेक्शनिझम, खोल न्यूनगंड, नात्यातले पेच. नवे थेरपिस्ट शेवटच्या तीनपासून सुरुवात करतात, कारण त्याबद्दल बोलायला आवडतं. बहुतेक वेळा उत्तर पहिल्या तिनांत असतं.

दोन केसेस शेवटच्या सेशनपर्यंत पूर्ण झाल्या, दोन्हींची सुरुवातीची आणि शेवटची प्रश्नावली फाइलमध्ये आहे, आणि सलग तीन रेकॉर्डिंगमध्ये बाराच्या वर गुण आहेत, तर त्या थेरपिस्टचं सुपरव्हिजन पंधरा दिवसांवर न्या. बंद करू नका. मधे पेशंटने सोडून दिलेली केस या दोनांत धरायची नाही. मात्र ती कुठल्या सेशनला तुटली आणि त्या आधीच्या सेशनला वजन झालं होतं का, हे आलेख काढून गटात बघा.